जैसलमेर पाहायला किती दिवस हवेत आणि मुक्काम कुठे करावा?

जैसलमेरला दोन पूर्ण दिवस पुरतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत सोयीचा. भाटी राजपूत घराण्यातील रावळ जैसल यांनी ११५६ मध्ये त्रिकूट टेकडीवर जैसलमेरचा किल्ला वसवला. पिवळ्या वालुकाश्माचे त्याचे बुरूज मावळतीला सोन्यासारखे उजळतात, म्हणून तो ‘सोनार किल्ला’. त्याच्या आत आजही लोकवस्ती आहे. तिथली जैन मंदिरे सकाळीच पाहावीत. त्यांचे कोरीवकाम घाईत पाहण्यासारखे नाही.

मुक्काम मात्र किल्ल्याबाहेर करणे योग्य. हा किल्ला कोरड्या हवेच्या, बेताच्या पाण्याच्या हिशेबाने बांधलेला आहे. नळ आल्यावर पाण्याचा वापर वाढला, सांडपाणी टेकडीत मुरू लागले आणि काही बुरूज ढासळले. आतल्या प्रत्येक हॉटेलमुळे हा भार वाढतो.

खाली शहरात एकोणिसाव्या शतकातील पटवांच्या पाच हवेल्या आहेत. त्यांच्या झरोक्यांवरील दगडी जाळीला निदान दोन तास द्यावेत. एके काळी शहराची तहान भागवणारा गडीसर तलाव पहाटे शांत असतो. समच्या वाळूच्या टेकड्या सुमारे ४० किलोमीटरवर आहेत. तिथे रात्री गारठा पडतो, त्यामुळे उबदार कपडे सोबत हवेतच.