छत्री घेऊन बाथरूमला! (जपानी इमारतींचा एक धडा)

सुरुवातीलाच एक कबुली. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. त्यामुळे शुद्धलेखनाच्या चुका संपादक मंडळाने सुधारल्या असतील तर त्यांचे आभार, आणि राहिल्या असतील तर सांभाळून घ्या.

आता मुद्द्याकडे वळते. लेडीज होस्टेलच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना मे महिना म्हणजे काय ते सांगायला नको. दिवसभर स्लॅब तापतो आणि रात्री ती सगळी उष्णता आमच्या अंगावर सोडतो. पंखा फुल स्पीडवर लावला की वरचीच गरम हवा खाली येते. गेल्या परीक्षेच्या वेळी माझी रूममेट फरशीवर बादलीभर पाणी ओतून, त्यावर चटई टाकून अभ्यासाला बसायची. त्याच सेमिस्टरला आम्हाला हीट ट्रान्स्फर हा विषय होता! कंडक्शन, कन्व्हेक्शन, रेडिएशन, तिन्ही प्रकार आम्ही खोलीतच शिकलो, प्रॅक्टिकलसकट.

त्याच दिवसांत लायब्ररीत आजच्या जपानी इमारतींवरचं एक पुस्तक हाताला लागलं. (खरं सांगायचं तर लायब्ररीत पंखे चांगले आहेत म्हणून गेले होते.) मला वाटलं, बोन्साय, बागा, शांत तळी असं काहीतरी असेल. पण वाचता वाचता लक्षात आलं की अरे, हा तर आपलाच विषय आहे! निसर्गाशी जुळवून घेणं म्हणजे बाल्कनीत कुंड्या ठेवणं नव्हे. ऊन, वारा, पाऊस यांचा आधी हिशोब मांडायचा आणि मग भिंत उभी करायची. तो हिशोब कसा मांडतात, ते चार उदाहरणांतून पाहू.

१) जुन्या घराचा छज्जा

जपानमध्ये थंडी पडते, उत्तरेला भरपूर बर्फही पडतो. पण मुख्य बेटाच्या बऱ्याच भागात उन्हाळा दमट आणि घामट असतो. जूनपासून जुलैच्या मध्यापर्यंत पावसाळा, नंतर कडक उकाडा, मग वादळं. योशिदा केन्को नावाच्या भिक्षूने १४व्या शतकातच लिहून ठेवलं आहे की घर बांधताना उन्हाळा डोळ्यासमोर ठेवावा, हिवाळ्यात माणूस कुठेही राहू शकतो. म्हणून जुन्या जपानी घरात जमिनीपासून उचललेली लाकडी जमीन, कागद लावलेले सरकते दरवाजे, बाहेरच्या बाजूला आपल्या ओसरीसारखी 'एंगावा' नावाची लाकडी पट्टी आणि या सगळ्यावर भरपूर पुढे आलेलं छप्पर असायचं.

हे छप्पर शोभेचं नाही. टोकियोचा अक्षांश सुमारे ३५.७ अंश आहे. २१ जूनच्या आसपास दुपारी सूर्य क्षितिजापासून साधारण ७८ अंशांवर असतो, तर २१ डिसेंबरच्या आसपास फक्त ३१ अंशांवर. आता दक्षिणेच्या भिंतीवर १ मीटरचा छज्जा काढा आणि टॅन थीटा लावा. उन्हाळ्यात दुपारी खालची सुमारे साडेचार मीटर भिंत सावलीत जाते. हिवाळ्यात सावली फक्त ६० सेंटीमीटरची, बाकी सगळं ऊन घरात! बटण नाही, मोटर नाही, फक्त अकरावीची ट्रिगनॉमेट्री.

२) आंदोंचं घर

आता आधुनिक काळात येऊ. तादाओ आंदो यांचा जन्म १९४१चा, गाव ओसाका. त्यांनी आर्किटेक्चरची डिग्री कधी घेतलीच नाही, काही काळ ते बॉक्सिंग करायचे! पुढे १९९५ साली त्यांना प्रिट्झकर पुरस्कार मिळाला. (एटीकेटीवाल्यांनी यातून स्वतःच्या सोयीचा अर्थ काढू नये.)

१९७६ साली त्यांनी ओसाकाच्या सुमियोशी भागात, चाळीसारख्या एका रांगेतलं मधलं लाकडी घर काढून तिथे काँक्रीटचं घर बांधलं. रुंदी जेमतेम ३.३ मीटर, लांबी सुमारे १४ मीटर. रस्त्याच्या बाजूला दार सोडलं तर एक खिडकी नाही. एवढ्याशा जागेचे त्यांनी तीन सारखे भाग केले आणि मधला भाग चक्क आकाशाला उघडा ठेवला. पुढे बैठकीची खोली, मागे स्वयंपाकघर आणि बाथरूम, वर दोन बेडरूम आणि त्यांना जोडणारा उघडा पूल. म्हणजे रात्री पाऊस पडत असताना बाथरूमला जायचं तर छत्री घ्यायची!

हे वाचून मी मोठ्याने हसले. मग विचार केला, हा माणूस वेडा आहे का? पण दोन्ही बाजूंना चिकटून घरं असताना उजेड आणि वारा येणार कुठून? फक्त वरून. ओसाकाच्या जुन्या रांगेतल्या घरांमध्येही मधे छोटं अंगण असायचं, ते याच कारणासाठी. आंदोंनी तेच काँक्रीटमध्ये आणलं. मात्र त्याची किंमत घरातल्या माणसांना मोजावी लागते. थंडीत थंडी लागते, पावसात भिजायला होतं. निसर्गाशी जुळवून घ्यायचं तर आपल्यालाही थोडं हलावं लागतं, हे या घराने लपवलेलं नाही.

३) चिमणीची इमारत

मेकॅनिकलवाल्यांनो, हे उदाहरण खास तुमच्यासाठी. ओकायामा प्रांतात इनुजिमा नावाचं छोटं बेट आहे. तिथे १९०९ साली तांबं गाळण्याचा कारखाना सुरू झाला आणि तांब्याचे भाव कोसळल्यावर दहाच वर्षांत बंद पडला. विटांच्या चिमण्या आणि पडक्या भिंती तशाच राहिल्या. हिरोशी सांबुइची या आर्किटेक्टने त्या अवशेषांत २००८ साली एक कलासंग्रहालय उभं केलं. त्यात एसी नाही!

मग गारवा कसा येतो? बाहेरची हवा आधी जमिनीखालच्या लांब मार्गातून येते. जमिनीचं तापमान उन्हाळ्यात बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतं, म्हणून हवा थंड होते. तिला ओढण्याचं काम जुनी चिमणी करते. उन्हाने चिमणीतली हवा तापते, हलकी होते, वर जाते आणि मागची हवा आपोआप खेचली जाते. हिवाळ्यात काचेच्या छताखाली उन्हाने तापलेली हवा वापरतात. तांब्याच्या मळीपासून बनवलेल्या तिथल्याच जुन्या विटा बांधकामात वापरल्या आहेत, त्या उष्णता धरून ठेवतात.

यालाच स्टॅक इफेक्ट म्हणतात. माझ्या मनाने आकडे घेऊन एक गणित करून पाहिलं. समजा चिमणी २० मीटर उंच आहे, आतली हवा ३५ अंश आणि बाहेरची २५ अंश सेल्सिअस. घनता अनुक्रमे १.१४६ आणि १.१८४ किलो प्रति घनमीटर. फरक ०.०३८. त्याला ९.८१ ने आणि २० ने गुणा. उत्तर आलं साडेसात पास्कलच्या आत! म्हणजे एक मिलिमीटर पाण्याच्या दाबाएवढाही नाही. मी दोनदा तपासलं. इतका कमी दाब असेल तर वाटेत एक चिंचोळं वळण किंवा बंद दार आलं की सगळं फिसकटणार. म्हणून हवेची वाट पहिल्या ड्रॉइंगपासूनच ठरवावी लागते. इमारत झाल्यावर एक्झॉस्ट फॅनचं भोक पाडण्यासारखं हे काम नाही.

४) गिफूची लायब्ररी

तोयो इतो यांची गिफू शहरातली इमारत २०१५ साली उघडली. वरच्या मजल्यावर मोठी लायब्ररी आहे, तिच्यावर स्थानिक हिनोकी लाकडाच्या पातळ पट्ट्यांचं लाटांसारखं छत आहे. छतापासून ११ मोठे घुमट लटकतात, उलट्या ठेवलेल्या वाडग्यांसारखे. त्यांच्यामधून मऊ उजेड खाली येतो, आणि वरचं तोंड उघडलं की गरम हवा निघून जाते. थंडीत ते बंद ठेवतात. शहरातून नागारा नदी वाहते, जमिनीखाली पाणी भरपूर आहे. त्या पाण्याच्या मदतीने जमीनच थंड किंवा उबदार ठेवली जाते. १९९०च्या सुमाराच्या तशाच इमारतीच्या निम्म्या ऊर्जेत काम भागवायचं, हे उद्दिष्ट ठेवून हे सगळं केलं आहे. इथे पंप आहेत, यंत्रं आहेत, पण निसर्गाने न भागलेलं काम तेवढं यंत्राकडे. हा क्रम मला फार पटला.

मग सगळं जपान असंच आहे का?

अजिबात नाही. तिथेही बहुतेक घरांत एसी आहे, आणि बऱ्याच घरांच्या भिंतींना इन्सुलेशन पुरेसं नसल्यामुळे हिवाळ्यात आतही कुडकुडायला होतं. सगळ्या नव्या इमारतींना ऊर्जा बचतीचे निकष पाळणं एप्रिल २०२५ पासून सक्तीचं झालं. तेव्हा जपानी म्हणजे सगळं आदर्श, असं समजू नये.

आणि नक्कल तर मुळीच करू नये. आपण साधारण १८-१९ अंशांवर. जूनमध्ये दुपारचा सूर्य आपल्या डोक्यावरून किंचित उत्तरेला असतो. टोकियोचा छज्जा जसाच्या तसा इथे आणला तर तो गणित चुकलेला छज्जा होईल. आपला खरा शत्रू म्हणजे तापलेला स्लॅब आणि पश्चिमेचं तिरकं ऊन. शिकायची ती पद्धत, आकार नव्हे.

हे शक्य आहे का? याचं उत्तर भारतातच आहे, आणि तेही होस्टेलच्या रूपात! अँटोनिन रेमंड हे मूळचे चेक आर्किटेक्ट. ते १९१९ साली जपानला गेले आणि टोकियोत त्यांनी ऑफिस काढलं. त्यांनीच पाँडिचेरीला अरविंद आश्रमासाठी 'गोलकोंड' हे निवासस्थान डिझाइन केलं. १९३०च्या दशकात काम सुरू झालं, जॉर्ज नाकाशिमा यांनी तिथे राहून ते पाहिलं. लांब बाजू उत्तर-दक्षिणेला. खिडक्यांऐवजी पूर्ण भिंतभर हाताने फिरवता येणाऱ्या आडव्या पट्ट्या, ऊन अडवायचं पण वारा येऊ द्यायचा. खोल्यांना सरकते सागवानी दरवाजे, त्यांच्या फटींतून हवा खेळते. आणि स्लॅबवर काँक्रीटचं दुसरं छप्पर, मधे हवेची पोकळी! ते वाचलं आणि मी वर आमच्या स्लॅबकडे पाहिलं. रूममेटची बादली आठवली.

आपल्या आवारात नवी इमारत होणार अशी चर्चा आहे. तिची दर्शनी बाजू काचेची असेल म्हणे, आणि तीही पश्चिमेला. मी काही आर्किटेक्ट नाही. पण सरांना, मॅडमना आणि सिव्हिलच्या मित्रांना तीनच प्रश्न विचारावेसे वाटतात. पश्चिमेचं ऊन कुठे अडवणार? हवा कुठून येणार आणि कुठून जाणार? वरच्या स्लॅबवर सावली कशाची? ड्रॉइंगवर हे बदलायला खोडरबर पुरतं. नंतर मात्र पुढच्या पंचवीस बॅचेस बादल्या भरत बसतील.

ज्यांना पटत नसेल त्यांनी मे महिन्यात रात्री दहा वाजता आपापल्या होस्टेलच्या वरच्या मजल्यावर जावं आणि भिंतीला हात लावून बघावा. थर्मामीटर माझ्याकडे मिळेल.