स्पीड भरपूर, तरी आवाज तुटतो

इंटरनेटवर चालणारे फोन बसवायचे ठरले की नेटवाला आधी एकच गोष्ट सुचवतो : मोठा प्लॅन घ्या. सांगली जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावातल्या एका रुग्णालयाने तेच केले होते. जुना इंटरकॉम निघाला, वॉर्डापासून मेडिकलपर्यंत आयपी फोन आले, प्लॅनही वाढला. तरी संध्याकाळ झाली की आवाज तुटायचा. मला बोलावले त्या दिवशी सिस्टर घरी गेलेल्या डॉक्टरांना इंजेक्शनची मात्रा विचारत होत्या. ‘दोन’ की ‘दहा’ हे पुन्हा पुन्हा विचारूनही खात्री होईना, तेव्हा त्यांनी शेवटी स्वतःचा मोबाइल काढला. दवाखान्यात हे चालवून घेण्यासारखे नाही.

नेटवर्कची कामे करताना मला एक गोष्ट पक्की कळली आहे. आवाजाला जागा फार लागत नाही, पण पाकिटे वेळेवर पोहोचावी लागतात. जी.७११ या नेहमीच्या कोडेकने बोललात तर एका कॉलला प्रत्येक दिशेने सेकंदाला साधारण ९० किलोबिट लागतात. म्हणजे एका वेळी दहा जण बोलत असले तरी एक एमबीपीएस पुरतो. मात्र हा आवाज २० मिलिसेकंदांच्या तुकड्यांत, सेकंदाला ५० पाकिटे अशा चालीने जातो. ती चाल मोडली की शब्द फुटतात. तोंडातून निघालेला आवाज समोरच्याच्या कानावर १५० मिलिसेकंदांच्या आत पडावा, असे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस सांगते.

त्या रुग्णालयाच्या नव्या प्लॅनमध्ये खाली येण्याचा वेग १०० एमबीपीएस होता आणि वर जाण्याचा फक्त १०. संध्याकाळी सीटी स्कॅन पुण्याच्या रेडिओलॉजिस्टकडे जायचे. एक स्कॅन ५०० एमबीचा धरला तर १० च्या लाइनवर तो जवळजवळ सात मिनिटे सगळी वाट अडवतो. स्कॅन जात असताना मी पिंग लावून बसलो. एरवी पंचवीस मिलिसेकंदांच्या आत येणारा आकडा सहाशेच्या वर गेला. पाकिटे हरवत नव्हती, राउटरच्या रांगेत तिष्ठत होती. गळिताच्या हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागे अडकलेल्या स्कूटरची गत आवाजाची झाली होती.

त्यामुळे प्लॅन विचारताना अपलोड किती, हे आधी विचारा. मग राउटरवर अपलोडची मर्यादा खऱ्या वेगाच्या नव्वद टक्क्यांवर बांधा, म्हणजे रांग तुमच्या राउटरमध्ये लागेल आणि पुढे कोणी जायचे हे तुमच्या हाती राहील. फोनच्या पाकिटांवर डीएससीपी ४६ ही खूण असते, तिला पहिला मान द्या. घराबाहेर पडल्यावर ती खूण कोणी पाळेलच असे नाही, पण कोंडी बहुधा तुमच्याच दारात असते. रांग आटोक्यात ठेवणारी एफक्यू-कोडेल किंवा केक ही सोय देणारा राउटर मिळाला तर फार बरे. त्या रुग्णालयात एवढ्यानेच संध्याकाळची तक्रार थांबली, प्लॅन पुन्हा वाढवावा लागला नाही.

दुसरे दुखणे निराळे होते. बाहेरून आलेले काही कॉल ३२ सेकंदांनी कट व्हायचे. आकडा इतका ठरावीक दिसला की लाइनला दोष देऊ नये. आयपी फोन कॉल जोडायला जी एसआयपी पद्धत वापरतात, तिच्या नियमानुसार, फोन उचलल्याचा निरोप गेल्यावर पलीकडून पोच यावी लागते. ती ३२ सेकंदांत आली नाही, तर उचलणारी बाजू कॉल सोडून देते. इथे पोच चुकीच्या पत्त्यावर जात होती, कारण राउटरमधली ‘एसआयपी एएलजी’ नावाची सोय निरोपांतले पत्ते अर्धवट बदलत होती. ती बंद केली, फोन सर्व्हरला बाहेरचा खरा पत्ता सांगितला आणि कॉल टिकू लागले. एकाच बाजूचा आवाज येत असेल तरी आधी हेच तपासा.

केबल स्वतः उघडून पाहा. स्वस्त कॅट-६ मध्ये तांब्याचा मुलामा दिलेले ॲल्युमिनियम सर्रास येते. तारेवर ब्लेड घासले की आत पांढरे दिसते. या फोनना वीजही त्याच तारेतून मिळते. असल्या तारेत लांबच्या वॉर्डापर्यंत विजेचा दाब कमी होतो आणि फोन मधेच बंद होऊन पुन्हा सुरू होतो. शुद्ध तांबेच घ्या आणि टेबलावरचे फोन वाय-फायवर टाकू नका.

वीज गेली तर काय करायचे, हे आधी ठरवा. जुन्या लँडलाइनला एक्स्चेंजमधून ४८ व्होल्ट मिळत, गावात अंधार असला तरी ती चाले. आता स्विच, राउटर, फायबरचा डबा आणि फोन सर्व्हर, चारही यूपीएसवर हवेत. नुसता इन्व्हर्टर असेल तर वीज बदलतानाच्या क्षणभराच्या झटक्यानेही डबा बंद पडू शकतो, आणि सगळे पूर्ववत व्हायला काही मिनिटे जातात. कॅज्युअल्टीत १०८ साठी चार्ज केलेला मोबाइल असलाच पाहिजे.

एक्स्टेन्शन १०१ आणि पासवर्डही १०१, हा प्रकार मी अजूनही पाहतो. एसआयपीचा ५०६० हा पोर्ट जगाला उघडा असला की तो हुडकणारे प्रोग्राम लगेच दार ठोठावतात. मग रात्रीतून परदेशी कॉल होतात आणि बिल मालकाच्या माथी येते. लांब पासवर्ड ठेवा, पोर्ट फक्त सेवा देणाऱ्या कंपनीच्या पत्त्यापुरता उघडा आणि आयएसडी लागत नसेल तर कंपनीकडूनच बंद करून घ्या.

शेवटचा हप्ता देण्याआधी चाचणी मागा, पण रविवारी दुपारी नको. ऐन गर्दीच्या वेळी मोठी फाइल वर चढवायला लावा आणि ती चालू असताना सगळ्या टेबलांवरून एकदम बाहेर फोन लावा. प्रत्येकाने काही आकडे वाचावेत आणि पलीकडच्याने ते लिहून घ्यावेत. कागद जुळले तर सही करा.