कोल्हापूर ते न्यूयॉर्क, दारापासून दारापर्यंत

अगं छोटे, तिकिटावर 16 तास लिहिलेत म्हणून आईला ‘एका रात्रीचा तर प्रवास’ असं सांगू नकोस. तिचे गुडघे विमानतळावर सुरू होत नाहीत, घराच्या उंबऱ्यापासून सुरू होतात. कोल्हापूर ते मुंबई पावणेचारशे किलोमीटर, म्हणजे गाडीत 8 तास. विमानतळावर 3 तास आधी पोचायचं. मग ते 16 तास. उतरल्यावर इमिग्रेशनची रांग आणि सामान. 30 तास धर. व्हीलचेअर आत्ताच मागून ठेव, आयत्या वेळी धावपळ नको.

मुंबई ते न्यूयॉर्क अंतर साधारण साडेबारा हजार किलोमीटर आहे. नकाशावर पट्टी ठेवून बघू नकोस, पृथ्वी लाडवासारखी गोल आहे, पोळपाटासारखी नाही. जवळची वाट उत्तरेकडून, आइसलँडच्या बाजूने जाते. पण विमानाला प्रत्येक वेळी ती मिळेलच असं नाही. 2025 च्या एप्रिलमध्ये पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांना हवाई हद्द बंद केली, तेव्हा दिल्लीहून अमेरिकेला जाणाऱ्या काही विमानांना वाटेत इंधनासाठी उतरावं लागलं. म्हणून निघण्याच्या आठवड्यात वेळा पुन्हा बघ. येताना मात्र तास-दीड तास वाचतो, कारण त्या उंचीवरचे जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेला वाहतात आणि विमानाला मागून रेटा देतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं, तारीख. तुमचं विमान मंगळवारी 1:30 चं, ते पहाटेचं. म्हणजे मुंबईच्या विमानतळावर तुम्ही सोमवारी रात्री हव्यात आणि कोल्हापुरातून सोमवारी दुपारच्या आत निघायला हवं. माझ्या पहिल्या खेपेला मी मंगळवारी रात्री निघायची तयारी करून बसले होते. बाबांनी तिकीट हातात घेऊन तारीख मोठ्याने वाचली म्हणून वाचले. तो धसका अजून पोटात आहे गं.

उन्हाळ्यात तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतं, हिवाळ्यात साडेदहा. त्यामुळे मंगळवारी पहाटे निघून तुम्ही मंगळवारीच सकाळी 8 च्या सुमारास उतराल. आईची बीपीची गोळी मात्र कोणत्या घड्याळाने घ्यायची, हे डॉक्टरांना आधीच विचार. गोळ्या हातातल्या पिशवीत ठेव, मोठ्या बॅगेत नको. विमानातली हवा फार कोरडी असते, तिला घोट घोट पाणी देत राहा. दर दोन तासांनी उठवून चार पावलं चालव, नाहीतर पायात रक्त साकळण्याची भीती असते. ती ‘राहू दे’ म्हणेल. ऐकू नकोस.

पोचलात की थोडं खाऊन घ्या, दुपारी झोपू नका, उजेडात बसा. आणि मला फोन कर. तुमचे सकाळचे 10 म्हणजे माझे संध्याकाळचे साडेसात. मी फोन हातात घेऊनच बसलेली असेन.