मालवण ते शिरोडा, कयाकने

मालवणहून दक्षिणेला शिरोड्यापर्यंतचा किनारा समुद्रमार्गे चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरचा. ताशी चार-पाच किलोमीटरच्या वेगाने दोन दिवस पुरावेत, असा हिशेब कागदावर निघतो. तो खोटा ठरतो, कारण इथल्या समुद्रात फक्त सकाळच वल्हवणाऱ्याची असते. पहाटे जमिनीवरून मतलई वारा येतो आणि पाणी सपाट असते. दुपारकडे वायव्येचा खारा वारा चढला की लाटांना फेस येतो. म्हणून साडेसहाला पाण्यात, अकराला वाळूवर आणि मुक्काम धरून तीन दिवस. दक्षिणेकडे जाताना वारा निदान पाठीशी राहतो; उलट दिशेने निघणाऱ्यांच्या हौसेला नमस्कार! नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने उत्तम.

सिंधुदुर्ग किल्ल्याचे काम 1664 मध्ये कुरटे बेटावर सुरू झाले. शत्रूच्या गलबतांना अडवणारे भोवतीचे बुडालेले खडक आजही जागेवरच आहेत. त्यामुळे बंदरातून बाहेर पडताना एखाद्या स्थानिक होडीच्या मागे राहणे शहाणपणाचे.

तारकर्लीची लांबच लांब वाळू संपते तिथे, देवबागच्या टोकाला, कर्ली नदी समुद्राला मिळते. सगळ्या सफरीतली खरी परीक्षा इथे. ओहोटीचे पाणी जोरात बाहेर धावते, समोरून लाट येते आणि वाळूच्या दांड्यावर दोघांची गाठ पडते. हे मुख भरती पूर्ण झाल्यावर, पाणी थबकलेले असताना ओलांडावे. कोकणात त्यासाठी जुना आडाखा आहे: तिथीची पाऊणपट. द्वादशीला बाराची पाऊणपट नऊ, म्हणजे नवाच्या सुमारास पूर्ण भरती. मालवणहून सकाळी निघालेला माणूस नेमका त्याच वेळी देवबागला पोचतो. आडाखा तासाभराने चुकू शकतो, तेव्हा भरती-ओहोटीचा तक्ताही पाहावा.

पहिला मुक्काम पलीकडे भोगव्याला. दुसऱ्या दिवशी निवतीचा किल्ला, खवणे आणि मग वायंगणी. वायंगणीच्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात. तंबू आणि शेकोटीचा मोह सोडून गावात घरगुती खोली घ्यावी, माशाचे जेवणही मिळते. किनाऱ्यावर रापण ओढणे चालू असेल तर दोरांपासून दूर उतरावे. निवतीसमोर दूर समुद्रात दीपगृहाचे खडक खुणावतात, पण तिकडे मोठ्या होडीनेच जावे.

तारकर्लीत भाड्याने मिळणाऱ्या उघड्या कयाक खाडीत फिरण्यापुरत्या. या प्रवासाला बंद कप्प्यांची समुद्री कयाक लागते, आणि उलटल्यावर पाण्यातून पुन्हा आत चढता येणे ही किमान पात्रता. लाइफ जॅकेट अंगात, शिट्टी त्यालाच बांधलेली, माणशी चार लिटर पाणी. तटरक्षक दलाचा मदत क्रमांक 1554. निघण्यापूर्वी सागरी पोलिसांना मार्ग कळवावा.

तिसऱ्या दिवशी वेंगुर्ल्याचे टोक वळसा घालून पार केले की शिरोडा येते, 1930 च्या मिठाच्या सत्याग्रहाचे गाव. पुढे तेरेखोलचे मुख कर्लीसारखेच अवघड आहे. कयाक इथेच टेम्पोवर चढवून सावंतवाडी गाठावी.