व्हिडिओ संपादनासाठी लॅपटॉप : मेमरी किती घ्यावी?



निकाल लागले की घराघरात लॅपटॉप खरेदीचा विषय निघतो. अलीकडे त्यात एका प्रश्नाची भर पडली आहे. मुलाला किंवा मुलीला व्हिडिओ एडिटिंग करायचे आहे, तर रॅम किती घ्यावी? एका दुकानात ८ जीबी पुरेल म्हणतात, दुसऱ्या दुकानात ३२ जीबीशिवाय भागणार नाही म्हणतात. मधल्या फरकाची रक्कम काही थोडीथोडकी नसते. म्हणून आज हा विषय आपण धड्यासारखा समजून घेऊ.

मेमरी म्हणजे नेमके काय?

लॅपटॉपच्या खोक्यावर दोन आकडे असतात. उदाहरणार्थ, ५१२ जीबी आणि १६ जीबी. पहिला आकडा एसएसडीचा, म्हणजे साठवणुकीचा. दुसरा रॅमचा. स्वयंपाकघरात फडताळ आणि ओटा असतो ना, तसेच हे आहे. सामान फडताळात राहते, पण चिरणे-निवडणे ओट्यावर होते. ओटा लहान असेल तर एक डबा ठेवल्याशिवाय दुसरा काढता येत नाही. रॅम भरली की संगणकही हेच करतो. काही माहिती तात्पुरती एसएसडीवर नेऊन ठेवतो आणि लागेल तेव्हा परत आणतो. एसएसडी रॅमपेक्षा पुष्कळ संथ असते, म्हणून काम अडखळते. शिवाय वीज किंवा बॅटरी गेली की रॅममधले सर्व पुसले जाते. त्यामुळे काम वरचेवर सेव्ह करावे.

थोडे गणित

फुल एचडी चित्राची एक चौकट १९२० × १०८० ठिपक्यांची असते, म्हणजे २०,७३,६०० ठिपके. प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा व निळा अशा तीन रंगांसाठी साधारण ३ बाइट धरू. एका चौकटीला सुमारे ६२ लाख बाइट, म्हणजे ६.२ एमबी लागतात. सेकंदाला २५ चौकटी धरल्या तर एका सेकंदाला सुमारे १५५ एमबी झाले. फोर-के चित्रात ठिपके चौपट असतात, म्हणून एका सेकंदाला सुमारे ६२२ एमबी.

कोणी विचारेल, मग मोबाईलमधली फाईल एवढी लहान कशी? कारण ती दाबून, आवळून साठवलेली असते. संपादन करताना ती उलगडावी लागते. त्यावर दुसरे चित्र, नावाच्या पाट्या, रंगांची दुरुस्ती असे थर चढले की ओट्यावर आणखी जागा लागते. संपूर्ण चित्रफीत एकदम उलगडली जात नाही, पण हाताखालचा भाग तरी मावायला हवा.

सॉफ्टवेअर काय सांगते?

शॉटकट हे मोफत सॉफ्टवेअर फुल एचडीसाठी किमान ८ जीबी आणि फोर-केसाठी १६ जीबी सांगते. अडोबी प्रीमियरची शिफारस एचडीसाठी १६ जीबी व फोर-केसाठी ३२ जीबी अशी आहे. दा विंची रिझॉल्व्हला १६ जीबी लागते, आणि त्यातील फ्यूजन हा विशेष दृश्यांचा विभाग वापरायचा असेल तर ३२ जीबी. तेव्हा प्रश्न केवळ 'व्हिडिओ एडिटिंग'चा नाही. कोणते चित्र आणि कोणते सॉफ्टवेअर, हे आधी ठरवले पाहिजे.

आपले काम कोणते?

बेळगावच्या शिवजयंतीचे चित्ररथ, शाळेचे स्नेहसंमेलन, सीमाभागातील साहित्य संमेलने, घरातील वडीलधाऱ्यांच्या आठवणी, हे आपल्या मुलांचे विषय. यातील शेवटचा मला सर्वांत मोलाचा वाटतो. निपाणीच्या तंबाखू कारखान्यांतील स्त्री कामगारांवर 'युगांतर' या गटाने १९८२ साली 'तंबाखू चाकिला ऊब आली' हा सुमारे २५ मिनिटांचा माहितीपट केला. दिग्दर्शन दीपा धनराज यांचे. तो १६ मिलिमीटरच्या फिल्मवर चित्रित झाला होता. त्या काळी संपादन म्हणजे फिल्मची पट्टी कापणे आणि जोडणे. त्या वेळी पंचविशीत असलेली कामगार स्त्री आज सत्तरीच्या घरात आहे. तिची नात आज मोबाईलवर तिचे बोलणे टिपू शकते आणि घरी बसून संपादन करू शकते. हे काम पुढे ढकलण्यासारखे नाही.

अशा कामाला एक माणूस बोलतो आहे, मधे जुनी छायाचित्रे आहेत, खाली नावाची पाटी आहे, एवढेच लागते. फुल एचडीत हे करायला १६ जीबी पुरेशी आहे. ज्याला फोर-केमध्ये अनेक थरांचे काम नियमित करून व्यवसाय करायचा आहे, त्याने ३२ जीबी घ्यावी. त्याहून अधिक घेण्याचे कारण विद्यार्थ्याला सहसा पडत नाही. अंथरूण पाहून पाय पसरावेत.

घरात ८ जीबीचा लॅपटॉप असेल तर तो टाकून देऊ नका. वरील सॉफ्टवेअरमध्ये 'प्रॉक्सी'ची सोय आहे. मूळ चित्राची लहान प्रत करून तिच्यावर काम करायचे. अंतिम चित्रफीत मूळ चित्रातूनच तयार होते. इतर खिडक्या, विशेषतः ब्राउझर, बंद ठेवा.

पैसे देण्यापूर्वी

१. आहे त्या संगणकावर संपादन चालू असताना कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबा. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये मेमरी सतत काठोकाठ भरलेली दिसली तर रॅम कमी पडते आहे. निम्मी रिकामी असूनही काम अडखळत असेल तर दोष प्रोसेसर, ग्राफिक्स किंवा डिस्कचा असू शकतो. तिथे रॅम वाढवून उपयोग नाही.

२. रॅम पुढे वाढवता येते का, हे मॉडेल क्रमांकासह विचारा. अनेक पातळ लॅपटॉपमध्ये ती मदरबोर्डवर कायमची जोडलेली असते. मॅकबुक एअरमध्ये तर ती नंतर वाढवताच येत नाही. असा लॅपटॉप घ्यायचा तर पहिल्याच दिवशी १६ जीबी घ्या. रिकामा स्लॉट असेल तर आज ८ घेऊन पुढे भर घालता येते. मात्र डीडीआर४ च्या जागी डीडीआर५ बसत नाही.

३. 'पुढे स्वस्त झाली की वाढवू' या भरवशावर राहू नका. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांची मागणी वाढल्याने २०२५ च्या अखेरीस मेमरीचे भाव जगभर चढले होते.

४. साधारण लॅपटॉपमध्ये ग्राफिक्सही याच रॅममधून वाटा घेते. म्हणून १६ जीबीतील सर्व जागा आपल्या सॉफ्टवेअरला मिळेल असे समजू नका.

शेवटची आणि महत्त्वाची गोष्ट. १६ आणि ३२ जीबीमधील फरकाचे पैसे वाचले तर त्यातून एक बाहेरची हार्ड डिस्क घ्या. प्रत्येक चित्रीकरणाच्या दोन प्रती दोन वेगवेगळ्या जागी ठेवा. लॅपटॉप बिघडला तर दुसरा मिळेल. आजीचे बोलणे पुसले गेले तर ते परत मिळेलच असे नाही.

स्वाध्याय

१. रॅम व एसएसडी यांतील फरक उदाहरणासह सांगा.
२. फुल एचडी चित्राच्या १० सेकंदांना किती एमबी लागतील? वरील हिशेब वापरा.
३. घरातील एका वडीलधाऱ्या व्यक्तीच्या आठवणी दहा मिनिटे चित्रित करा, आणि त्याच दिवशी त्यांची दुसरी प्रत करून ठेवा.