जुन्या संगणकासाठी लिनक्सची निवड

विंडोज १० या कार्यप्रणालीचे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपुष्टात आले. त्यामुळे सुस्थितीतील अनेक जुने संगणक अडगळीत पडण्याची शक्यता आहे. लिनक्स ही विनामूल्य कार्यप्रणाली स्वीकारल्यास त्यांचा उपयोग पुढेही होऊ शकतो.

निवडीपूर्वी संगणकाची रॅम पाहावी. ती ४ जीबी असल्यास नवशिक्यांनी लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती घ्यावी. तिची मांडणी विंडोजशी मिळतीजुळती आहे. जेमतेम १ जीबी रॅमच्या किंवा ३२ बिट संगणकास अँटीएक्स २३ योग्य. मात्र ती अंगवळणी पडण्यास थोडा अवधी लागतो.

दोन्ही प्रणाली पेन ड्राइव्हवरून चालवून वाय-फाय, ध्वनी व मराठी टंकलेखन आधी तपासता येते. कायम स्थापना करताना मूळ डिस्क पुसली जाऊ शकते. म्हणून कागदपत्रे व छायाचित्रे प्रथम अन्यत्र उतरवून ठेवावीत.