काळ्या गाडीवरची कोळ्याची जाळी

प्रश्न : माझ्या काळ्या गाडीवर उन्हात गोल गोल बारीक ओरखडे दिसतात. वॅक्स लावलं की महिनाभर बरं वाटतं, मग पुन्हा तेच. कायमचा उपाय काय?

उत्तर : वॅक्स ओरखडे झाकतं, काढत नाही. हे ओरखडे रंगावरच्या पारदर्शक क्लिअर कोटमध्ये असतात. तो घासून सपाट करणं हे पॉलिशचं काम.

गाडी शाम्पूने धुवा, क्ले बार फिरवून चिकटलेली घाण काढा. मग सावलीत, थंड पत्र्यावर, ड्युअल अ‍ॅक्शन मशीन, मऊ फोम पॅड आणि फिनिशिंग पॉलिश घेऊन आधी छोट्या भागावर चाचणी करा. फरक पडला नाही तरच जास्त कडक पॉलिश घ्या. एका वेळी दीड-दोन फुटांचाच चौकोन करा. क्लिअर कोट साधारण ४०-५० मायक्रॉनचाच असतो आणि प्रत्येक पॉलिश त्यातला थोडा खाते. म्हणून वारंवार करू नका. नखाला लागणारा ओरखडा सोडून द्या. शेवटी वॅक्सचा पातळ थर द्या.

आणि कृपा करून रोज सकाळी कोरड्या फडक्याने धूळ पुसणं बंद करा. या गोल ओरखड्यांची जाळी त्यानेच तयार होते. आधी भरपूर पाणी, मग मायक्रोफायबर.